पृथ्वीच्या सवयी, ग्रहांचं हवामान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांना विज्ञान सोपं करून सांगितलेलं आवडायचं, पण पातळ केलेलं खपायचं नाही, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं आहे. तेव्हा आज थोडे आकडे सोसून घ्यावे लागतील.

परग्रहांच्या हवामानावर कुणी बोलणार म्हटलं की लोकांना अजबखाना हवा असतो. शुक्रावर आम्लाचा पाऊस, नेपच्यूनच्या पोटात हिऱ्यांचा पाऊस, गुरूवर अख्खी पृथ्वी गिळेल एवढं वादळ. यातलं काही खरं आहे, काही अजून गणितातच आहे. पण नुसती नवलं मोजत बसलो तर तासाभराने आपण होतो तिथेच असू. मी हवामानशास्त्राचा विद्यार्थी, म्हणजे ढग, वारा आणि पाऊस यांचा. इतर ग्रहांकडे वळलो तो निव्वळ स्वार्थाने. आमच्या पुस्तकांत नियम म्हणून जे छापलेलं असतं, त्यातलं खरोखर नियम किती आणि केवळ या एका ग्रहाची सवय किती, हे इथेच राहून कळत नाही. ते कळायला दुसरं घर बघावं लागतं. सुदैवाने शेजारी तशी बरीच घरं आहेत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी.

सुरुवात एका विनोदी नटापासून करू. विल हे हा १९३० च्या दशकातला इंग्लंडमधला गाजलेला नट. रंगमंचावर आणि पडद्यावर तो वेंधळ्या शाळामास्तराचं सोंग आणायचा. घरी मात्र हा माणूस गंभीरपणे आकाशनिरीक्षण करायचा. ३ ऑगस्ट १९३३ रोजी लंडनच्या नॉरबरी भागातल्या आपल्या घरून, सहा इंची दुर्बिणीतून शनी पाहत असताना, त्याला ग्रहाच्या विषुववृत्ताजवळ एक ठळक पांढरा डाग दिसला. आदल्या काही दिवसांत तिथे असं काही नव्हतं. तो डाग म्हणजे शनीवरचं प्रचंड वादळ होतं. तसलीच वादळं १८७६ आणि १९०३ मध्ये दिसली होती. पुढे १९६० मध्ये दिसलं, १९९० मध्ये दिसलं आणि डिसेंबर २०१० मध्ये दिसलं. शेवटच्या खेपेला कॅसिनी यान शनीभोवतीच फिरत होतं. यानाच्या रेडिओ यंत्राला तिथल्या विजांची खरखर ऐकू येत होती, आणि त्याच दिवसांत पृथ्वीवरचे हौशी निरीक्षक आपापल्या गच्च्यांवरून त्या वादळाची छायाचित्रं काढत होते. काही आठवड्यांत वादळाचं तोंड ग्रहाला पूर्ण वळसा घालून स्वतःच्याच शेपटाला जाऊन भिडलं.

प्रश्न असा की हे वीस-तीस वर्षांनीच का व्हावं? मधल्या काळात छोटी वादळं होतात, पण या जातीचं एकही नाही.

आपल्याकडचा वळीव आठवा. सकाळभर जमीन तापते, जमिनीलगतची हवा तापते, वर जाऊ लागते. वर जाताना थंड होते, वाफेचे थेंब होतात, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि ढग आणखी चढतो. या सगळ्याला मदत करणारी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, कारण मे महिन्यातली दमट दुपार अंगावर बसते ती ओझ्यासारखी. पण हिशेब सरळ आहे. पाण्याच्या रेणूचं वजन १८ आणि आपल्या हवेच्या रेणूचं सरासरी वजन २९. हवेत वाफ मिसळली म्हणजे जड रेणूंच्या जागी हलके रेणू आले. म्हणून आपल्याकडे ओलावा ढगाला वर ढकलतो. आकाश थोडं तापलं, थोडं दमट झालं की बरसून मोकळं होतं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

शनीची हवा मुख्यतः हायड्रोजनची आहे. हायड्रोजनच्या रेणूचं वजन २, हेलियमचं ४. त्यात १८ वजनाची वाफ मिसळली तर हवा हलकी होईल की जड? जड होईल, आणि चांगलीच जड होईल. चेंग ली आणि अँड्र्यू इंगरसोल या कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये या साध्या फरकावरून शनीचं गणित मांडलं. मोठं वादळ झालं की वरच्या थरातलं पाणी बरसून खाली जातं. वर उरते कोरडी, हलकी हवा आणि तिच्याखाली दमट, जड हवा. हलकं वर, जड खाली. म्हणजे चढण्या-उतरण्याचं काही कारणच उरलं नाही. खालची हवा गरम असूनही अडकून पडते. वरचा थर मात्र अवकाशात उष्णता फेकत हळूहळू थंड होत राहतो, आणि थंड होताना घट्ट होत जातो. शनीसारख्या थंड आणि अवाढव्य ग्रहावर हे निवणं दशकानुदशकं चालतं. अखेर एक दिवस वरची कोरडी हवा खालच्या दमट हवेपेक्षाही जड होते, आणि तीस वर्षं तुंबलेलं सगळं एकदम उसळतं. विल हे याला दिसलं ते हेच.

मला हे उदाहरण फार आवडतं. इथे कुठलाही नवा नियम लागत नाही. जड खाली जातं, हलकं वर येतं, एवढाच नियम. फक्त ‘ओलावा हवेला वर नेतो’ हे आपण नियम समजत होतो, ती पृथ्वीची सवय निघाली. नायट्रोजन-ऑक्सिजनच्या हवेची सवय.

आता शुक्र. इथली सवय मोडायला जास्त वेळ लागला, कारण ती अगदी शहाण्यासुरत्या माणसांच्या डोक्यात बसलेली होती. स्वान्ते अरेनियस हा स्वीडनचा थोर रसायनशास्त्रज्ञ. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचं तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, असा हिशेब त्याने १८९६ मध्ये हाताने मांडला होता. आजच्या हवामान बदलाच्या चर्चेत त्याचं नाव पहिल्या पानावर येतं ते यामुळे. याच अरेनियसने १९१८ मध्ये शुक्राचं वर्णन केलं, ते ओलंचिंब, दलदलीचं आणि वनस्पतींनी भरलेलं जग असं. सूर्याच्या जवळ म्हणजे थोडा जास्त उबदार, ढगाळ म्हणजे पावसाळी. कोकणातला आषाढ कायमचा मुक्कामाला आलेला, असं काहीसं. ज्या सूत्राने शुक्राचं कोडं सुटणार होतं ते सूत्र या माणसाच्याच खिशात होतं. फक्त शुक्राच्या हवेत काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तिथला कार्बन डायऑक्साइड वर्णपटात सापडला तो १९३२ मध्ये, माउंट विल्सनच्या वेधशाळेत. त्यानंतरही शुक्राची दलदल लोकांच्या मनातून लवकर आटली नाही. १९६२ मध्ये मरिनर २ यान जवळून गेलं आणि डिसेंबर १९७० मध्ये सोव्हिएत व्हेनेरा ७ पृष्ठभागावर आदळून तेवीस मिनिटं क्षीण आवाजात बोलत राहिलं, तेव्हा कुठे विषय मिटला.

पृष्ठभागाचं तापमान ४६५ अंश सेल्सिअसच्या आसपास, दाब पृथ्वीच्या नव्वदपटीहून जास्त. बुध सूर्याच्या किती तरी जवळ, पण त्याची भर दुपारही ४३० अंशांची. रात्री तो उणे १८० पर्यंत उतरतो, कारण ऊब धरून ठेवायला हवाच नाही. शुक्रावर दिवसा आणि रात्री तापमान जवळपास तेच. आणि यातली खरी गोम पुढे आहे. शुक्राचे गंधकाम्लाचे ढग इतके पांढरे आहेत की अंगावर पडलेल्या उन्हातलं तीन चतुर्थांश ते परतवून लावतात. म्हणजे सूर्याच्या जवळ असूनही शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन शोषतो. नुसत्या शोषलेल्या उन्हाच्या हिशेबाने तिथे उणे चाळीस अंश असायला हवे होते. वरचे पाचशे अंश हे हवेचं काम आहे, सूर्याचं नव्हे. आम्लाचा पाऊसही ढगाखाली पडतो खरा, पण जमिनीच्या किती तरी वरच वाफ होऊन जातो. शुक्राच्या जमिनीवर पावसाचा थेंब कधी पडत नाही.

वाऱ्याचंही तसंच. ग्रह स्वतःभोवती फिरतो आणि हवा त्याच्याबरोबर साधारण त्याच गतीने फिरते, असं आपण धरून चालतो. शुक्राला एक फेरी घ्यायला २४३ दिवस लागतात, तीही उलट्या दिशेने. त्याच्या ढगांचे माथे मात्र चार दिवसांत अख्ख्या ग्रहाला फेरी घालतात, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने. जमिनीवरचा वारा माणसाच्या चालीचा. जून १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी तिथे दोन फुगे सोडले. ते चोपन्न किलोमीटर उंचीवर तरंगत दोन दिवसांत जवळपास एक तृतीयांश ग्रह पार करून गेले. त्या उंचीवर दाब आपल्याकडच्या निम्मा आणि तापमान सोसवेल असं. अंगावरच्या आम्लाची सोय केली तर हवा बरी म्हणावी लागेल. हवेला ही गती कोण देतं, या प्रश्नावर संशोधकांनी पिढ्या घालवल्या. जपानच्या अकात्सुकी यानाची गोष्ट यात सांगायलाच हवी. २०१० मध्ये त्याचं मुख्य इंजिन निकामी झालं आणि ते शुक्राला चुकवून पुढे निघून गेलं. पाच वर्षं सूर्याभोवती फिरून, छोट्या झोतांच्या जोरावर, डिसेंबर २०१५ मध्ये त्याला पुन्हा शुक्राच्या कक्षेत बसवलं गेलं. त्याच्या नोंदींवरून २०२० मध्ये दिसून आलं की दिवसाची बाजू तापण्याने आणि रात्रीची निवण्याने हवेत ज्या लाटा उठतात, त्या हा वेग टिकवून धरण्यात मोठा वाटा उचलतात. आपल्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२३६ कोटींची मंजुरी दिली आहे आणि मार्च २०२८ चा मुहूर्त धरला आहे. शुक्राच्या हवेचा अभ्यास तिच्या मुख्य उद्दिष्टांत आहे.

मंगळाबद्दल बोलताना मला स्वतःला आवरावं लागतं.

१९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाच्या आड गेलं तेव्हा त्याच्या रेडिओ लहरी मंगळाच्या हवेतून गाळून आल्या. त्यावरून कळलं की तिथला दाब चार ते सात मिलिबार एवढाच आहे. तोवर तो ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास धरला जायचा. एका रात्रीत मंगळाची हवा दहापटीने विरळ झाली म्हणा ना. लगेच १९६६ मध्ये लेटन आणि मरी या दोन शास्त्रज्ञांनी एक भाकीत केलं, की मंगळाच्या ध्रुवांवरचा मोसमी बर्फ पाण्याचा नसून गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असणार, आणि तिथली हवा बहुतांश त्याच वायूची असल्याने हिवाळ्यात खुद्द हवाच गोठून जमिनीवर पडत असणार. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ उतरलं आणि त्याच्या दाबमापकाने हे वर्षभर मोजून दाखवलं. तिथला दाब वर्षात पावपटीहून जास्त वरखाली होतो. आपल्याकडे दाब पाच टक्क्यांनी उतरला तर आम्ही चक्रीवादळाचा इशारा देतो. मंगळावर हवेचा पाव हिस्सा ध्रुवावर जाऊन बर्फ होतो आणि वसंतात परत येतो, ही दरवर्षीची रीत. हवेतली वाफ पडते, पण हवा जागेवर राहते, ही आपली आणखी एक सवय.

व्हायकिंगच्या हवामान गटाचे प्रमुख सेमूर हेस यांनी मंगळावरचा पहिला हवामान अहवाल दिला. आम्ही रोज देतो त्याच भाषेत: दुपारी उशिरा पूर्वेकडून हलका वारा, मध्यरात्रीनंतर नैर्ऋत्येकडून. किमान तापमान उणे ८६, कमाल उणे ३०. जुलैतला दिवस, उन्हाळा. या अहवालाची एक मजा म्हणजे दुसऱ्या दिवशीचा अहवाल जवळपास तोच असायचा, तिसऱ्या दिवशीचाही. मंगळावर समुद्र नाही, पावसाचे ढग नाहीत, त्यामुळे हवेची घडी सहसा विस्कटत नाही. हिवाळ्यातल्या दाबाच्या लाटाही ठरलेल्या दिवसांनी येतात. तिथे हवामान खात्यात नोकरी मिळाली असती तर आम्हाला शिव्या बऱ्याच कमी खाव्या लागल्या असत्या.

अर्थात धुळीचं वादळ सुटेपर्यंत. मंगळाची कक्षा पृथ्वीपेक्षा बरीच लंबगोल आहे. सूर्याजवळ असताना त्याला दूर असतानापेक्षा सुमारे पंचेचाळीस टक्के जास्त ऊन मिळतं; आपल्याकडे हा फरक सात टक्क्यांचा. सूर्याजवळचा काळ म्हणजे तिथल्या दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा. धूळ उडते, उडालेली धूळ ऊन शोषून हवा तापवते, तापलेल्या हवेने वारा वाढतो, वाऱ्याने आणखी धूळ उडते. बहुतेक वर्षी हे एका भागात आटोपतं. एखाद्या वर्षी अख्खा ग्रह झाकला जातो. कुठल्या वर्षी, ते अजून सांगता येत नाही.

१९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा खाली बघायला जवळपास काहीच नव्हतं, नुसता धुळीचा गोळा. त्याच सुमारास दोन सोव्हिएत यानं पोचली. त्यांचा कार्यक्रम आधीच ठरवून दिलेला होता, तो बदलायची सोय नव्हती. एकाचा उतरणारा भाग आदळून फुटला. दुसरा, मार्स ३, वादळातच नीट उतरला आणि जेमतेम वीस सेकंद संदेश पाठवून कायमचा गप्प झाला. मरिनर ९ ला पृथ्वीवरून नव्या सूचना देता येत होत्या. त्याला थांबायला सांगितलं. जानेवारीत धूळ खाली बसू लागली. तोवर धुळीतून फक्त चार काळी टोकं वर दिसत होती. ती ज्वालामुखींची शिखरं होती, त्यातलं एक ऑलिंपस मॉन्स. थांबलेल्या दिवसांत कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट टिपली: धुळीमुळे मंगळाची वरची हवा तापली होती आणि जमीन थंड पडली होती. पुढे १९८३ मध्ये सेगन, पोलॅक, टून, टर्को आणि अॅकरमन यांनी अणुयुद्धानंतर जळत्या शहरांच्या धुराने पृथ्वीवर किती हिवाळा येईल याचं गणित प्रसिद्ध केलं. त्या विचाराची एक मुळी मंगळाच्या या वादळात आहे. आकड्यांवर पुष्कळ वाद झाले आणि व्हायलाही हवे होते, पण प्रश्न विचारायची बुद्धी दुसऱ्या ग्रहाने दिली.

२०१८ च्या जागतिक वादळाने ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचा बळी घेतला. ‘माझी बॅटरी संपत आलीय, अंधार पडतोय’ असं त्याचं शेवटचं वाक्य तुमच्यापैकी अनेकांना फोनवर आलं असेल. रोव्हर वाक्यं पाठवत नाहीत. १० जूनला त्याने पाठवले ते विजेचे आणि आकाशाच्या धूसरपणाचे आकडे. त्याचं वाक्य केलं एका पत्रकाराने. मला ते आकडेच जास्त चटका लावतात. आणखी एक सांगतो. हॉलिवूडच्या सिनेमात मंगळाचा वारा यान उलथून टाकताना दिसतो. तिथली हवा इतकी विरळ आहे की ताशी शंभर किलोमीटरचा वारा अंगावर झुळकीसारखाच लागेल. मंगळावर माणसाला धोका धुळीने झाकलेल्या उन्हाचा, वाऱ्याचा नव्हे. आपल्या मंगळयानाची कक्षा खूप लांबट होती, त्यामुळे त्याला दुरून मंगळाचं पूर्ण बिंब एका चित्रात घेता यायचं. सप्टेंबर २०१४ मध्ये पोचल्यावर काही दिवसांतच त्याने चौऱ्याहत्तर हजार किलोमीटरवरून उत्तर गोलार्धातलं धुळीचं वादळ टिपलं होतं.

मोठ्या ग्रहांवरून आता भराभर जातो. गुरूच्या तांबड्या डागाबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. एकच सांगतो. आपल्याकडचं चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं की एक-दोन दिवसांत विरतं, कारण खालून मिळणारी समुद्राची वाफ तुटते आणि जमीन वाऱ्याला अडवते. गुरूला किनाराच नाही, जमीनही नाही. तांबडा डाग १८७८ पासून अखंड दिसतो आहे. मात्र तो आक्रसतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो चाळीस हजार किलोमीटर लांब भरायचा, व्हॉयेजर यानांच्या वेळी, १९७९ मध्ये, तेवीस हजार, आणि आता सोळा हजाराच्या खाली आला आहे.

गुरूच्या हवेत शिरून मोजमापं करणारं यंत्र आजवर एकच. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी हवाई छत्रीने सुमारे तासभर खाली गेली. अपेक्षेपेक्षा पाणी फारच कमी सापडलं. मग लक्षात आलं की ती नेमकी अशा एका कोरड्या, खाली उतरणाऱ्या हवेच्या झोतात पडली होती, ज्याने ग्रहाचं जेमतेम एक टक्का क्षेत्र व्यापलेलं असतं. जैसलमेरजवळ एक फुगा सोडून कोणी भारताच्या पावसाचा अंदाज बांधावा, तसंच झालं हे. एका जागच्या एका नोंदीवर किती विसंबावं, हा आमच्या धंद्यातला जुना वाद आहे.

नेपच्यूनला पृथ्वीच्या नऊशेवा भाग ऊन मिळतं. वारा म्हणजे शेवटी उन्हाच्या असमान वाटपातून निघणारी हालचाल, असं आम्ही पहिल्या वर्षी शिकवतो. मग नेपच्यूनवर सगळं शांत असायला हवं. व्हॉयेजर २ ऑगस्ट १९८९ मध्ये तिथून गेलं तेव्हा ताशी दोन हजार किलोमीटरच्या आसपासचे वारे मोजले गेले. सूर्यमालेत याहून वेगवान वारे नाहीत. एक कारण आतली उष्णता: सूर्याकडून मिळते त्याच्या अडीचपटीहून जास्त उष्णता नेपच्यून स्वतः बाहेर टाकतो. पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वाऱ्याला अडवणारं तिथे काही नाही. कॅरमच्या बोर्डावर पावडर नीट टाकलेली असली की हलक्या टिचकीनेही सोंगटी दूरवर जाते, तसं. वाऱ्याचा वेग ठरतो तो जोर आणि अडथळा यांच्या हिशेबाने, आणि आपण डोंगर, झाडं, लाटा यांच्यात राहणारी माणसं अडथळा गृहीतच धरतो. शेजारच्या युरेनसला मिळणारं ऊन याहून जास्त, पण आतली उष्णता फारच कमी. १९८६ मध्ये व्हॉयेजरला तो जवळपास कोरा दिसला. दोन जुळे ग्रह, आणि स्वभाव इतके वेगळे का, याचं उत्तर हातात आहे असं मी म्हणणार नाही.

शेवटी टायटन. हा ग्रह नव्हे, शनीचा चंद्र. पण त्याला हवा आहे, आणि आपल्यासारखीच मुख्यतः नायट्रोजनची. दाब आपल्या दीडपट. तापमान उणे १७९. तिथे पाणी म्हणजे दगड, आणि पाऊस पडतो मिथेनचा. गुरुत्व सातवा हिस्सा आणि हवा दाट, त्यामुळे थेंब आपल्या थेंबांपेक्षा मोठे होतात आणि खाली येतात ते माणसाच्या चालीने. नद्यांची पात्रं आहेत, ध्रुवांकडे सरोवरं आणि समुद्र आहेत. त्यातला सर्वांत मोठा क्रेकन मारे महाराष्ट्राहून मोठा आहे. विषुववृत्तावर मात्र वाळूच्या टेकड्या.

ही मांडणी आपल्या उलट का? आपल्याकडे विषुववृत्तावर पाऊस आणि तीस अंशांवर वाळवंटं. एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये आणि जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये सांगितल्याप्रमाणे विषुववृत्ताजवळ हवा वर जाते आणि ध्रुवांकडे निघते. पण पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी मारते. या फिरण्याने ती हवा वाटेतच पूर्वेकडे वळते आणि तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. तिथे सहारा, तिथे अरबस्तान. उन्हाळ्यात पावसाचा पट्टा सूर्यामागे उत्तरेला सरकतो, केरळ, कोकण, विदर्भ करत हिमालयाशी थांबतो आणि परत फिरतो. मोसमी पाऊस हा असा अडलेला प्रवास आहे. टायटनचा दिवस पृथ्वीच्या सोळा दिवसांचा. इतक्या सावकाश फिरण्याने हवा फारशी वळत नाही, ती एका गोलार्धातून निघून थेट दुसऱ्या ध्रुवापर्यंत पोचते. म्हणून तिथला पावसाचा पट्टा उन्हाळ्यात सरळ ध्रुवावर जातो. कॅसिनी २००४ मध्ये पोचलं तेव्हा दक्षिणेत उन्हाळा होता आणि दक्षिण ध्रुवावर ढग होते. ऑगस्ट २००९ मध्ये विषुवदिन झाला आणि २०१० मध्ये विषुववृत्ताजवळ मोठं वादळ उठलं. ते गेल्यावर खालची वाळू मैलोन्‌मैल काळवंडलेली, म्हणजे ओली दिसली. तो टायटनचा मोसमी पाऊस. एकेक ऋतू सात वर्षांहून मोठा.

आणि या पावसाची तऱ्हा बघण्यासारखी आहे. पृथ्वीवरच्या हवेतली सगळी वाफ एका वेळी पाडली तर सरासरी अडीच सेंटिमीटर पाणी साचेल. भर पावसाळ्यात आपल्याकडे फार तर सहा-सात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तिथून फार लांब नसलेल्या कुलाब्याला ७३. याचा अर्थ सांताक्रूझवरच्या आकाशात तेवढं पाणी कधीच नव्हतं. समुद्रावरून ओलावा तासन्‌तास येत राहिला आणि तिथेच रिता होत राहिला. टायटनच्या हवेत मात्र सरासरी पाच मीटर मिथेन मुरलेलं आहे. आकाशाची कोठी प्रचंड, पण ती भरणारं ऊन अत्यंत मंद: शनीपाशी ते शंभरावा भाग, आणि टायटनच्या धुक्यातून जमिनीवर पोचतं त्याहूनही दहापट कमी. कोठी मोठी आणि भरण सावकाश, म्हणजे वर्षानुवर्षं अवर्षण आणि मग आभाळ फाटल्यासारखा पाऊस. पृथ्वी एक अंशाने तापली की हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, तेव्हा आपलीही कोठी मोठी होत चालली आहे. एकट्या २६ जुलैच्या पावसाचं खापर त्यावर फोडता येणार नाही, पण दिशा तीच आहे. या वाटेवर खूप पुढे गेलेलं कुणी पाहायचं असेल तर ते टायटनवर.

त्याच वर्षी, १४ जानेवारी २००५ रोजी, हायगेन्स हे युरोपीय यान टायटनवर उतरलं होतं. अडीच तासांच्या उतरणीत त्याने तापमान, दाब आणि वारा मोजला. खाली गोटे सापडले, पाण्याच्या बर्फाचे, वाहून घासून गोल झालेले. यानाच्या उबेने पायाखालची माती तापली आणि तिच्यातून मिथेन वर आलं. म्हणजे जमीन ओलसर होती. पाऊस मात्र पडत नव्हता. उत्तर गोलार्धात हिवाळा होता आणि विषुववृत्ताजवळ कोरडा ऋतू.

आता ड्रॅगनफ्लाय नावाचं उडतं यान तिथे जायचं आहे, आठ पंखे असलेलं. ठरल्याप्रमाणे २०२८ च्या जुलैत उड्डाण, २०३४ मध्ये विषुववृत्ताजवळच्या वाळूत उतरणं. शनीचं वर्ष साडेएकोणतीस वर्षांचं. २००५ मध्ये साडेएकोणतीस मिळवा. ड्रॅगनफ्लाय उतरेल तेव्हा टायटनवर हायगेन्स उतरलं तेव्हाचाच ऋतू असेल, बरोबर एका वर्षानंतरचा. त्यामुळे पंखे किती मोठे हवेत, वारा किती धरायचा, थंडी किती सोसायची हे ठरवताना अभियंत्यांनी पुढ्यात ठेवली ती हायगेन्सची नोंद. एका जागेची, एका दिवसाची. पावसाची शक्यता त्यांनी कमी धरली आहे.